भाकड महिने



गाय आटली म्हणजे घरांतलीं माणसें तिला लगेच बाजार दाखवीत नाहींत. चारापाणी चालूच राहतें, पुढल्या वेतापर्यंत वाट पाहिली जाते, आणि घरांतली एखादी म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवीत तिच्याशीं बोलतही असते. या काळाला आपण भाकड काळ म्हणतों. खेळाच्या जगांतही असा एक भाकड काळ असतो. एक हंगाम संपलेला, दुसऱ्याला अवकाश, मैदानाला कुलूप, आणि संघाचे अभिमानी घरीं बसलेले. विजयी संघाच्या अभिमान्यांना हे महिने जड जात नाहींत. मागील विजयाची उजळणी करण्यांतच ते सरतात. पण ज्याचा संघ वर्षानुवर्षें हरतो त्या माणसानें हे महिने कसे काढावे? आज मला त्याच माणसाविषयीं दोन शब्द बोलावयाचे आहेत.

माझें उदाहरण अमेरिकेंतील आहे, तेव्हां प्रथम एक खुलासा करतों. येथें फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या पेठांत किंवा गोव्यांतील गांवोगांवीं पायानें खेळतात तो नव्हे. अमेरिकेंत त्याच नांवाचा निराळा खेळ आहे. दोन्ही टोंकांना निमुळता असलेला चेंडू हातांत धरून धांवावयाचें, तो दूरवर फेकावयाचा, आणि समोरच्या अकरा धिप्पाड गड्यांच्या भिंतींतून वाट काढावयाची, असा तो खेळ. त्याचा व्यावसायिक हंगाम सप्टेंबरांत सुरू होतो आणि जो संघ पुढील बाद-फेरींत जात नाहीं त्याच्यापुरता तो जानेवारीच्या आरंभींच आटोपतो. पूर्वीं एका संघाच्या वांट्याला हंगामांत सोळा सामने येत. २०२१ पासून सतरा येतात. घड्याळाचा खेळ साठ मिनिटांचा, पण थांबत थांबत तो सुमारें तीन तास चालतो. सतरा त्रिक एकावन्न. म्हणजे वर्षाच्या ८,७६० तासांपैकीं अवघे ५१ तास खेळाचे, आणि बाकी सारा संसार वाट पाहण्याचा! अभिमानी होणें हा मुख्यतः वाट पाहण्याचा धंदा आहे हें या आंकड्यांवरून सहज ध्यानांत यावें.

ओहायो राज्यांत एरी सरोवराच्या कांठीं क्लीव्हलंड नांवाचें शहर आहे. पोलादाच्या कारखान्यांवर आणि बंदरावर वाढलेलें हें शहर. हिंवाळ्यांत सरोवरावरून येणारा वारा तेथें हाडांत शिरतो. १९४६ सालीं येथें एक व्यावसायिक संघ उभा राहिला. त्याचा पहिला प्रशिक्षक पॉल ब्राऊन, आणि संघाचें नांव ब्राऊन्स. पहिल्या चार वर्षांत आपल्या संघटनेचें विजेतेपद त्यानें चारही वेळां मिळविलें. १९५० सालीं तो राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्यें आला आणि त्याच वर्षीं तेथेंही पहिला ठरला. पुढें १९५४, १९५५ आणि १९६४ सालींही विजेतेपद त्याच्याकडेच आलें. १९६४ च्या २७ डिसेंबरला त्यानें बाल्टिमोरच्या संघाचा २७-० असा फडशा पाडला. बाल्टिमोर हें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुढें पुन्हां येणार आहे. त्यानंतर मात्र विजेतेपद नाहीं. सुपर बोल या नांवानें गाजणारा अंतिम सामना १९६७ च्या जानेवारीपासून होऊं लागला. त्यांत ब्राऊन्सचा संघ एकदांही उतरलेला नाहीं. १९८७ आणि १९८८ अशा लागोपाठ दोन जानेवारींत तो उंबरठ्यापर्यंत जाऊन परतला. पहिल्या वेळीं डेन्व्हरच्या जॉन एल्वेनें शेवटच्या पांचएक मिनिटांत ९८ यार्डांची चाल करून बरोबरी साधली आणि जादा वेळांत सामना गेला. दुसऱ्या वेळीं अर्नेस्ट बायनर हा गडी रेषेपासून दोनतीन पावलांवर असतांना चेंडू त्याच्या हातून निसटला. त्या गांवांत या प्रसंगांचें वर्णन कोणी करीत नाहीं. 'ती चाल' आणि 'तो निसटलेला चेंडू' एवढें म्हटलें कीं पुरे. आपल्याकडे पानिपत म्हटल्यावर सन सांगावा लागत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

आतां भाकड महिन्यांकडे वळूं. २०१६ च्या हंगामांत या संघानें सोळांपैकीं एक सामना जिंकला. २०१७ च्या हंगामांत एकही नाहीं. सोळाच्या सोळा सामने हरण्याचा मान त्यापूर्वीं फक्त डेट्रॉइटच्या संघाला २००८ सालीं लाभला होता. ३१ डिसेंबरला शेवटचा सामना हरला, आणि ६ जानेवारी २०१८ या दिवशीं क्लीव्हलंडमध्यें मिरवणूक निघाली! विजेता संघ गांवीं परतला म्हणजे काढतात तशीच मिरवणूक. हजारों माणसें हाडें गोठविणाऱ्या थंडींत सरोवरकांठच्या मैदानाभोंवतीं फिरलीं. फेरी मुद्दाम वर्तुळाकार आंखलेली होती, कारण विजयांचा आंकडा शून्य होता. गंमत अशी कीं हीच मिरवणूक आदल्या वर्षींही ठरली होती. परंतु नाताळच्या आदल्या दिवशीं संघानें अवचित एक सामना जिंकला आणि बेत रद्द करावा लागला. दोन्ही वेळां या निमित्तानें जमलेला पैसा गांवांतील भुकेल्यांना धान्य पुरविणाऱ्या संस्थेकडे गेला.

कांहीं खेळाडूंना ही मिरवणूक मुळींच आवडली नाहीं. त्यांचें म्हणणें समजण्यासारखें आहे. अंग मोडेपर्यंत खेळून हरणाऱ्याला लोकांचें हसणें झोंबतेंच. तथापि मला या मिरवणुकींत कुचेष्टेपेक्षां शिमगाच अधिक दिसतो. शिमग्याला बोंब मारणारा माणूस गांव सोडून जात नसतो. गांवांत राहावयाचें आहे म्हणूनच तो वर्षाचा मळ एका दिवसांत ओरडून टाकतो. ज्याला खरोखर राग येतो तो घरीं बसतो. गोठविणाऱ्या थंडींत शून्याची प्रदक्षिणा घालावयास तो येत नाहीं.

जानेवारीचा राग असा निघून जातो. मग एप्रिल येतो, आणि एप्रिलबरोबर आशा येते. ही आशा लीगनें कायद्यानेंच निर्माण करून ठेविली आहे. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या नव्या खेळाडूंची वांटणी दरवर्षीं या सुमारास होते, आणि तिचा नियम असा कीं, मागील हंगामांत जो संघ सर्वांत तळाशीं असेल त्यानें प्रथम खेळाडू निवडावा. बर्ट बेल या गृहस्थानें १९३५ सालीं ही युक्ती सुचविली आणि १९३६ सालीं पहिली निवड झाली. बेल हा फिलाडेल्फियाच्या संघाचा मालक, आणि त्याचा संघ तेव्हां सपाटून हरत होता. म्हणजे ही सोय हरणाऱ्यानेंच शोधून काढली. पहिल्या वर्षीं पहिला क्रमांक अर्थातच त्याला मिळाला. त्यानें जे बरवँगर नांवाचा नामांकित खेळाडू निवडला, आणि बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधींच खेळला नाहीं! या प्रथेचा आरंभच असा झालेला असतांना तिच्यावर इतक्या लोकांनीं इतकी वर्षें भिस्त ठेवावी याचें मला मोठें कौतुक वाटतें.

क्लीव्हलंडनें तर ही आशा घाऊक घेतली. १९९९, २०००, २०१७ आणि २०१८ अशा चार वेळां सबंध देशांतील पहिल्या खेळाडूवर हक्क याच संघाचा होता. त्यांपैकीं दोघे क्वार्टरबॅक, म्हणजे चाल आंखून चेंडू फेकणारे संघाचे सूत्रधार. १९९९ चा टिम काउच पांच हंगामांत गेला. २०१८ चा बेकर मेफिल्ड चार हंगामांनंतर दुसऱ्या संघांत धाडण्यांत आला. १९९९ पासूनच्या पंचवीस हंगामांत या एका जागेवर पस्तीसांहून अधिक माणसें उभीं राहून गेलीं. काउचच्या नांवाचा एक अंगरखा त्या गांवांतील एका जाहिरात-कंपनीच्या दर्शनी कांचेंत कित्येक वर्षें टांगलेला असे. नवा सूत्रधार आला कीं जुन्याच्या नांवावर काट मारून खालीं चिकटपट्टीवर नवें नांव लिहावयाचें. होतां होतां पाठीवर जागा उरली नाहीं.

म्हणूनच ज्यांना भाकड महिने केवळ हिशेबावर काढावयाचे असतात त्यांची मला थोडी कींव येते. एप्रिलमध्यें कोणता खेळाडू मिळेल, त्याची उंची किती, तो चाळीस यार्ड किती सेकंदांत धांवतो, याचीं कोष्टकें करण्यांत ते रात्री घालवितात. विद्या म्हणून हें वाईट नाहीं. परंतु कोष्टकांतला खेळाडू कधींच हरत नाहीं, आणि सप्टेंबरांत मैदानावर येतो तो दुसराच कोणी असतो. आशेचें असें उधार खातें ज्यानें वाढविलें त्याला पहिल्याच पराभवांत व्याजासह फेड करावी लागते.

जूनमध्यें सहसा कांहीं घडत नाहीं. पण २०१८ च्या १ जूनला घडलें. मुख्य प्रशिक्षक ह्यू जॅक्सन यानें पूर्वीं बोलून ठेविलें होतें कीं एकच सामना जिंकण्याची पाळी पुन्हां आली तर मी सरोवरांत उडी घेईन. पाळी त्याहूनही वाईट आली. गृहस्थ शब्दाचा पक्का; त्या दिवशीं तो एरी सरोवराच्या गार पाण्यांत खरोखर शिरला. ऑक्टोबर संपण्यापूर्वीं त्याची नोकरी गेली.

येथवर मीं जें सांगितलें त्यांत मौजेचा भाग बराच आहे. भाकड काळाची खरी कसोटी या गांवानें त्याआधींच, विसाव्या शतकाच्या अखेरीस, दिली होती. आणि तींत मौज फार थोडी होती.

१९९५ च्या ६ नोव्हेंबरला, हंगाम ऐन भरांत असतां, संघाचा मालक आर्ट मॉडेल यानें बाल्टिमोरला जाऊन जाहीर केलें कीं पुढील वर्षापासून आपला संघ याच शहरांत खेळेल. बाल्टिमोरचा स्वतःचा संघ १९८४ सालीं एका रात्रींत इंडियानापोलिसला पळविण्यांत आला होता. त्या दुःखांतून गेलेल्या शहरानेंच आतां दुसऱ्याचा संघ नेला. तेथें नवें मैदान बांधून मिळत होतें आणि मालकाला पैशाची नड होती. क्लीव्हलंडचें मैदान ओस पडत होतें असें मुळींच नाहीं. किंबहुना दुसऱ्याच दिवशीं, ७ नोव्हेंबरला, तेथील मतदारांनीं मैदानाच्या दुरुस्तीसाठीं दारू-तंबाखूवरील कर चालू ठेवण्याचा ठराव मोठ्या बहुमतानें संमत केला. नवरदेव पळून गेल्यावर वऱ्हाडानें मांडवाचे पैसे चुकते करावे तसें तें मतदान झालें.

१७ डिसेंबरला त्या जुन्या मैदानांतील शेवटचा सामना झाला. तेथें पूर्वेकडच्या स्वस्त बांकांवर बसणाऱ्या मंडळींचा एक विख्यात तांडा होता. १९८५ च्या सुमारास हॅनफोर्ड डिक्सन आणि फ्रँक मिनिफील्ड या दोघां खेळाडूंनीं सोबत्यांना चेव यावा म्हणून कुत्र्यासारखें भुंकण्याचा प्रघात पाडला. बांकांवरच्या लोकांनीं तो उचलला, कुत्र्यांचे मुखवटे चढविले, आणि त्या भागाला कुत्र्यांचा कोंडवाडा असें नांव पडलें. त्या दिवशीं ब्राऊन्सनीं सिनसिनाटीला २६-१० असें हरविलें. लोकांनीं बांकांच्या रांगाच्या रांगा उपटून मैदानांत फेकल्या. खेळ संपल्यावर खेळाडू आंत न जातां त्या कोंडवाड्यापाशीं गेले आणि कठड्यावरून वांकलेल्या माणसांच्या गळ्यांत पडले.

मग काय उरलें? खेळाडू गेले, प्रशिक्षक गेला, मालक गेला. १९३१ सालीं उघडलेलें तें प्रचंड मैदान १९९६ च्या अखेरीस पाडावयास घेतलें आणि त्याच्या भिंतींचे तुकडे माशांना आसरा व्हावा म्हणून एरी सरोवराच्या तळाशीं नेऊन टाकले. १९९६, १९९७, १९९८ असे तीन हंगाम लागोपाठ गेले. सप्टेंबर आला तरी शहराला संघ नव्हता. एरव्हीं आठ महिन्यांचा असणारा भाकड काळ साडेतीन वर्षांहून अधिक लांबला.

मात्र एक गोष्ट गांवानें हातची जाऊं दिली नव्हती. महापौर मायकेल व्हाइट यांच्या पुढाकारानें न्यायालयांत दावा लावण्यांत आला. लीगच्या कचेरीवर सह्यांच्या अर्जांचा आणि पत्रांचा भडिमार झाला. अखेर १९९६ च्या फेब्रुवारींत तडजोड ठरली. मालकानें माणसें न्यावीं; पण ब्राऊन्स हें नांव, तपकिरी आणि नारिंगी हे रंग, आणि १९४६ पासूनचें सारें दप्तर क्लीव्हलंडलाच राहील, व १९९९ पर्यंत तेथें पुन्हां संघ उभा करण्यांत येईल. बाल्टिमोरला गेलेला संघ कागदोपत्रीं अगदीं नवा ठरला.

या तडजोडीचा विचार मी पुष्कळदां करतों. त्या दप्तरांत काय होतें? आठ विजेतेपदें होतीं खरीं. पण 'ती चाल' आणि 'तो निसटलेला चेंडू' हेही त्यांतच होते, आणि १९६४ नंतरचीं तीस वर्षेंही होतीं. कोरी वही बाल्टिमोरला मिळाली. क्लीव्हलंडनें भांडून मिळविली ती भरलेली वही, कर्जाच्या पानांसकट. ज्याला वडिलांचें घर हवें त्याला वडिलांचें देणेंही पत्करावें लागतें हा आपल्याकडचा जुना व्यवहार. त्या लोकांनीं तो न सांगतां पाळला. त्या तीन वर्षांत त्यांच्यापाशीं कोष्टक करावयाला खेळाडू नव्हता, निवडीचा क्रमांक नव्हता, शिव्या द्यावयाला प्रशिक्षकही नव्हता. होती ती एकमेकांची सोबत. ब्राऊन्स बॅकर्स या नांवाचीं त्यांचीं मंडळें गांवोगांवीं आधींपासून होतीं. संघ नसतांनाही तीं मोडलीं नाहींत. बाप मुलाला घेऊन ज्या बांकावर बसत असे तें बांक राहिलें नव्हतें, पण बाप आणि मूल होतींच. आणि 'त्या चाली'ची गोष्ट मुलाला सांगावयाला मैदान लागत नाहीं.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो आणि तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. आक्षेप असा कीं, हे लोक हरणाऱ्या संघाला धरून बसतात म्हणूनच मालक निर्धास्त राहतात. गिऱ्हाईक फिरलें तर दुकानदार माल सुधारतो. हें गिऱ्हाईक फिरतच नाहीं. तर्क सरळ आहे. परंतु १९९५ चा अनुभव त्याच्या आड येतो. तेथें गिऱ्हाईक दारांत उभें असतांना दुकानदारच दुकान उचलून चालता झाला. संघ हा खरोखर दुकानाचाच माल असता तर गांवानें हंसत दुसरें दुकान धरलें असतें. पिट्सबर्ग कांहीं फार लांब नाहीं! माझ्या मतें अभिमान्यानें मालकावर खुशाल रागवावें, तिकिट काढूं नये, मिरवणुकीही काढाव्या. वहीवर मात्र त्यानें हक्क सोडूं नये, कारण ती मालकाची नाहीं.

१९९९ च्या १२ सप्टेंबरला नव्या मैदानांत नवा संघ उतरला. नारिंगी शिरस्त्राण तेंच, पूर्वींसारखेंच कोणत्याही चिन्हावांचून कोरें. गांव लोटलें होतें. पिट्सबर्गनें तो सामना ४३-० असा जिंकला. पहिला विजय मिळावयास ३१ ऑक्टोबर उजाडावा लागला. न्यू ऑर्लिन्सला वेळ संपतां संपतां काउचनें अखेरचा चेंडू आकाशांत भिरकावला आणि तो केव्हिन जॉन्सनच्या हातांत पडला. पुढें २००१ च्या जानेवारींत सुपर बोल जिंकला तो बाल्टिमोरला गेलेल्या संघानें. त्या रात्रीं क्लीव्हलंडमधील घराघरांत काय बोलणें झालें असेल तें नभोवाणीवरून सांगण्याजोगें नसावें.

शून्याच्या मिरवणुकीनंतरचा पहिला विजय २० सप्टेंबर २०१८ च्या रात्रीं आला. न्यूयॉर्क जेट्सला २१-१७ असें हरविलें. मागील विजयाला ६३५ दिवस झाले होते. एका मद्य-कंपनीनें गांवांतील पानगृहांत सांखळदंडांनीं बांधलेलीं शीतकपाटें ठेविलीं होतीं. संघ जिंकला कीं तीं आपोआप उघडावयाचीं, अशी योजना होती. तीं उघडलीं, आणि रस्त्यांवर परकीं माणसें एकमेकांना कडकडून भेटूं लागलीं.

२०२१ च्या १० जानेवारीला तर बाद-फेरींत खुद्द पिट्सबर्गलाच त्याच्या मैदानावर ४८-३७ असें हरविलें. त्या दिवशीं प्रशिक्षक केव्हिन स्टेफान्स्की करोनामुळें घरीं अडकून पडला होता. संघाचा एवढा मोठा विजय त्यानें आपल्या घराच्या तळघरांत बसून पाहिला. आठवड्यानें कॅन्सस सिटीला २२-१७ अशी हार झाली आणि भाकड महिने पुन्हां सुरू झाले. त्या वर्षीं एप्रिलच्या अखेरीस खेळाडूंच्या निवडीचा सोहळा क्लीव्हलंडलाच, सरोवराच्या कांठीं, भरला. पहिल्या क्रमांकाचा मान जॅक्सनव्हिलकडे गेला, कारण त्या संघानें सोळांपैकीं एकच सामना जिंकला होता. यजमान ब्राऊन्सची पाळी होती सव्विसावी. वर्षानुवर्षें सर्वांआधीं उठून निवड करणाऱ्या त्या लोकांना त्या रात्रीं आपल्याच अंगणांत पंचवीस नांवें होईपर्यंत ताटकळत बसावें लागलें, आणि तपकिरी-नारिंगी कपड्यांतली ती मंडळी खुशाल बसून राहिली.